कन्झर्व्हेटरी म्हणजे मुळात अनाथाश्रम

गेल्या आठवड्यात कामानिमित्त एका शाळेत गेलो होतो. संगीताचे सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, जागा अजून रिकामीच. पेटी कपाटात बंद. मुख्याध्यापक सहज म्हणाले, "ज्यांना परवडतं ते बाहेर क्लास लावतातच की." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

जगातल्या नामांकित संगीतशाळांना कन्झर्व्हेटरी म्हणतात. नाव ऐकलं की झुंबरं, काळे कोट आणि भलीमोठी फी डोळ्यांसमोर येते. पण शब्द आलाय इटलीतून. तिथे 'कन्झर्व्हातोरिओ' म्हणजे पोरक्या आणि गरीब मुलांना सांभाळायची जागा! सोळाव्या शतकात नेपल्स शहरात असे चार आश्रम निघाले. मुलांच्या हाताला पुढे काही काम मिळावं म्हणून गाणं-वाजवणं शिकवलं जाऊ लागलं. ही पोरं मिरवणुकीत, अंत्ययात्रेत गायची आणि त्या पैशावर आश्रमाला हातभार लागायचा. हळूहळू नाव एवढं झालं की बाहेरची मुलं फी भरून येऊ लागली. पुढे युरोपभर गाजलेला ऑपेराकार चिमारोझा इथलाच. बाप गवंडी, आई धुणं धुणारी. व्हेनिसमध्ये टाकून दिलेल्या मुलींच्या अशाच एका आश्रमात १७०३ साली व्हायोलिन शिकवायला एक तरुण पाद्री लागला. त्याचं नाव विवाल्दी.

मग फ्रान्समध्ये क्रांती झाली. राजवाडा आणि चर्च, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे दोन्ही पोशिंदे कोसळले. तेव्हा ऑगस्ट १७९५ मध्ये क्रांतीच्या सरकारने पॅरिसची कन्झर्व्हेटरी काढली. शिक्षण मोफत, खर्च सरकारी तिजोरीतून. अर्थात सगळं गोड नव्हतं. १८२३ मध्ये बारा वर्षांच्या लिस्टला तो परदेशी म्हणून प्रवेश नाकारला, आणि तोच पुढे त्या शतकातला सगळ्यात गाजलेला पियानोवादक झाला! पण संगीत शिकवणं हे सरकारचं काम आहे, हे तिथे ठरलं ते ठरलं.

आता आपल्याकडे या. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये संस्थानाच्या खर्चाने संगीतशाळा सुरू केली. आज ती तिथल्या विद्यापीठाचा एक विभाग आहे.

दुसरी गोष्ट कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांची. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, मग मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले. गाणं तेव्हा गुरूच्या घरात किंवा राजाच्या दरबारात. पलुस्करांनी ५ मे १९०१ ला थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही कुठल्या राजाच्या जिवावर नाही, तर मैफली करून आणि लोकांकडून देणग्या मागून. १९०८ मध्ये मुंबईत आले. तिथे इमारत बांधली, त्यासाठी कर्ज काढलं. कर्ज फिटेना. शेवटी इमारतच लिलावात गेली. १९३१ मध्ये पलुस्कर मिरजेत वारले.

त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षा आपल्यापैकी कितीतरी जणांनी दिल्यात, मीही दिलीय. (प्रवेशिकेला तालात चुकलो होतो, ते सोडा.) म्हणजे संस्था जगली, पण ती शिष्यांनी पोटाला चिमटा काढून जगवली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. बडोद्याच्या शाळेमागे संस्थानची तिजोरी होती. पलुस्करांच्या शाळेमागे एका माणसाचा गळा होता. गळा थकला, इमारत गेली.

फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत १९२८ पासून आजतागायत शिकवणीची फी घेत नाहीत. प्रवेश मिळणं महाकठीण, पण तो गळ्यावर आणि हातावर, बापाच्या खिशावर नाही. तिथेही मागे कुणीतरी मोठी रक्कम ठेवलेली आहे म्हणूनच हे चालतं.

म्हणून "ज्यांना परवडतं ते शिकतील" हे मला पटत नाही. परवडणाऱ्यांपुरतंच शिकवायचं असतं तर गवंड्याचा पोरगा चिमारोझा झालाच नसता.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुढच्या पालकसभेत हात वर करा आणि विचारा, संगीत शिक्षकाची जागा कधी भरणार? मी विचारणार आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत काय परिस्थिती आहे, तेही खाली लिहा.