सल्ल्याचे व्याकरण : भारत, भूतान आणि एका कलमाचे आयुष्य

तहनामे साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावीत, असे सहसा कोणी सुचवत नाही. ती इतिहासकारांची साधने आणि वकिलांची हत्यारे मानली जातात. वास्तविक शब्दांची इतकी काटेकोर निवड फार थोड्या गद्यप्रकारांत आढळते. तहात कर्ता कोण, क्रियापद कोणाच्या वाट्याला आले, प्रयोग कर्तरी की कर्मणी, विशेषण घातले की गाळले, यांवर माणसांचे आणि भूप्रदेशांचे भवितव्य ठरत असते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका वाक्याचे वाचन करू इच्छितो. ते वाक्य आहे भारत आणि भूतान यांच्यात ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंग येथे झालेल्या मैत्री-कराराच्या दुसऱ्या कलमातील. सत्तावन्न वर्षे ते अमलात होते, आणि या काळात एका मोठ्या सत्तेचे व तिच्या लहानशा शेजाऱ्याचे नाते त्या वाक्याभोवती फिरत राहिले.

कलमाचा आशय असा : भूतानच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करणार नाही, अशी हमी भारत सरकार देते, भूतान सरकार आपल्या परराष्ट्र संबंधांबाबत भारत सरकारच्या सल्ल्याने चालण्यास संमती देते. पहिल्या वाक्याचा कर्ता भारत आहे, दुसऱ्याचा भूतान. एक हमी देतो, दुसरा संमती देतो. वरवर पाहता हा तोल साधलेला व्यवहार वाटतो. परंतु मूळ इंग्रजी मसुद्यातील दुसरे क्रियापद कर्मणी आहे. भूतान सल्ला ‘घेणार’ नाही, सल्ल्याकडून त्याला ‘वाट दाखवली जाणार’ आहे. सल्ला या शब्दाच्या पोटातच ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य असते. तो मानावा वा न मानावा. मात्र सल्ल्याने चालण्याची संमती आधीच लिहून दिली असेल, तर त्या सल्ल्याला सल्ला म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर मसुदा देत नाही. ते न देण्यातच त्याची सोय होती.

हे वाक्य नव्या भारताचे नव्हते. ८ जानेवारी १९१० रोजी पुनाखा येथे ब्रिटिशांनी भूतानशी जो तह केला, त्यातून ते जवळजवळ शब्दशः उचललेले आहे. फक्त ब्रिटिश सरकारच्या जागी भारत सरकार आले. पुनाखाचा तहसुद्धा त्याआधीच्या सिंचुलाच्या तहाची दुरुस्ती होता. १८६४-६५ च्या युद्धात ब्रिटिशांनी भूतानचे ‘दुआर’ घेतले. डोंगरातून सखल प्रदेशात उतरणाऱ्या वाटा आणि त्यांच्या पायथ्याची सुपीक जमीन म्हणजे हे दुआर. आपल्या ‘द्वार’ या शब्दाचाच हा पूर्वेकडील अवतार. दारे गेली आणि त्यांच्या बदल्यात वार्षिक तनखा आला, जो पुढे पन्नास हजार रुपयांपर्यंत वाढायचा होता. १९१० मध्ये तो एक लाख झाला, आणि त्या वाढीव रकमेबरोबर परराष्ट्र संबंधांविषयीचे हे वाक्य भूतानच्या पदरात पडले.

मराठी वाचकाला हा साचा अपरिचित वाटू नये. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज पत्करली आणि इतर सत्तांशी बोलणी करण्यापूर्वी कंपनीला कळवून तिच्याशी मसलत करण्याचे मान्य केले. ‘मसलत’ हा शब्दही दिसायला निरुपद्रवी आहे. तो दोघांत होतो, बरोबरीच्या माणसांत होतो. पुण्याच्या दरबारात त्याचा अर्थ काय झाला, हे पुढच्या सोळा वर्षांनी दाखवून दिले. साम्राज्याची भाषा आज्ञार्थी क्रियापदे शक्यतो टाळते. मसलत, सल्ला, मैत्री, संरक्षण अशा सौम्य नामांतून ती आपले काम करून घेते.

मग १९४९ साली स्वतंत्र भारताने ही भाषा का ठेवली? भारत तेव्हा अद्याप प्रजासत्ताकही झाला नव्हता. संविधान स्वीकारले जाण्यास तीन महिन्यांहून अधिक अवधी होता. चीनमधील यादवी युद्धाचा निकाल कम्युनिस्टांच्या बाजूने लागत होता आणि तिबेटचे पुढे काय होणार, हे कोणालाच माहीत नव्हते. अशा वेळी सरहद्दीवरील जुनी व्यवस्था मोडण्यापेक्षा तिचा वारसा घेणे दिल्लीला सोयीचे वाटले असणार. तथापि या तहाला दुसरी बाजू आहे. चौथ्या कलमाने भारताने देवांगिरी परिसरातील सुमारे बत्तीस चौरस मैल प्रदेश भूतानला परत केला, आणि तिसऱ्या कलमाने वार्षिक रक्कम पाच लाख रुपये झाली. शब्द साम्राज्याचे राहिले, पण जमिनीचा प्रवास, थोडा का होईना, उलट दिशेने झाला. दोन्ही बाजू नजरेसमोर ठेवल्याशिवाय या संहितेचे वाचन पुरे होणार नाही.

सप्टेंबर १९५८ मध्ये जवाहरलाल नेहरू भूतानला गेले. दोन्ही देशांना जोडणारा मोटाररस्ता तेव्हा नव्हता. सिक्कीममार्गे नथु ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, डोंगरवाटांनी त्यांना पारोला पोहोचावे लागले. ज्या देशाच्या परराष्ट्र संबंधांना वाट दाखवण्याचे भारताने पत्करले होते, तेथे जायची वाट तिसऱ्याच्या ताब्यातील प्रदेशातून जात होती. पारोच्या भाषणात नेहरूंनी भूतानने स्वतंत्र राहून आपल्या मर्जीचा मार्ग निवडावा, अशी भारताची इच्छा असल्याचे सांगितले. भूतानी राज्यकर्ते पुढे या भाषणाचा हवाला वारंवार देत राहिले, आणि त्यामागे नेमका हिशेब होता. तहातील संदिग्ध कलमाचा अर्थ लावताना, करार करणाऱ्या पक्षाच्या पंतप्रधानाचे जाहीर शब्द हे एक भाष्य म्हणून वापरता येत होते.

पुढच्याच वर्षी तिबेटमध्ये उठाव झाला, आणि भूतानने उत्तरेकडील शतकांची व्यापारवाट बंद केली. १९६१ पासून भारताच्या सीमा रस्ते संघटनेने फुंत्शोलिंगहून थिंफूकडे रस्ता बांधावयास घेतला. त्याच वर्षी भूतानची पहिली पंचवार्षिक योजना भारताच्या पैशावर सुरू झाली. उत्तरेचे दार मिटले आणि दक्षिणेचे उघडले. भूतान आता केवळ कागदाने नव्हे, डांबराने आणि रुपयाने भारताशी बांधला गेला.

याच काळात भूतानने एक गोष्ट अतिशय धीराने केली. तह न मोडता, त्यावर जाहीर वाद न घालता, त्याने दुसऱ्या कलमाचे निराळे वाचन प्रत्यक्षात आणले. सल्ला मागणे आम्हांला मान्य आहे, तो पाळणे बंधनकारक नाही, असे ते वाचन. १९६२ मध्ये कोलंबो योजना, १९६९ मध्ये जागतिक टपाल संघ, आणि २१ सप्टेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रे, अशा पायऱ्या चढत तो जगाच्या व्यासपीठावर पोहोचला. प्रत्येक पायरीवर भारताची संमती, बहुधा भारताचा पाठिंबाही होता. म्हणजे सल्ल्याचे कलम पाळूनच भूतानने सल्ल्याची गरज कमी केली. ६ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशाला मान्यता देताना तो भारताबरोबर राहिला. १९७९ च्या हवाना येथील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत मात्र कंबोडियाच्या जागेच्या प्रश्नावर त्याने भारताहून वेगळी भूमिका घेतली. त्याच सुमारास राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९४९ चा तह कालानुरूप करण्याची गरज बोलून दाखवली. ‘सकल राष्ट्रीय आनंद’ ही त्यांची प्रसिद्ध संकल्पनाही हवानाहून परतताना मुंबईच्या विमानतळावर पत्रकाराशी बोलताना पुढे आली, असे सांगितले जाते. जगाने त्या संकल्पनेतील अध्यात्म तेवढे उचलले. पण स्वतःला मोजण्याचे माप आपणच ठरवू, हे म्हणणे लहान राष्ट्राच्या तोंडी निखळ राजकीय असते.

हे वाचन किती जोखमीचे होते, ते शेजारच्या सिक्कीमकडे पाहिले की कळते. ५ डिसेंबर १९५० च्या तहाने सिक्कीम हे भारताचे ‘संरक्षित’ राज्य ठरले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण भारताकडे गेले. भूतानच्या तहात ‘संरक्षित’ हा शब्द नव्हता. १९७५ मध्ये छत्तिसाव्या घटनादुरुस्तीने सिक्कीम भारताचे घटकराज्य झाले. भूतान तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा सभासद होता. एका विशेषणाने राज्य बुडाले आणि त्याच्या अभावाने दुसरे वाचले, असे म्हणण्याचा मोह साहित्याच्या माणसाला होतो. तो आवरला पाहिजे. सिक्कीममध्ये राजघराणे आणि बहुसंख्य नेपाळीभाषक प्रजा यांच्यातील ताण होता, लोकशाहीची मागणी होती. विलीनीकरणाची कारणे तहाच्या मसुद्यात मावणारी नाहीत. तरीही शब्द निकाल लावत नसले, तरी उभे राहायला जागा देतात. भूतानला ती जागा मिळाली होती आणि ती त्याने भरून काढली.

येथवरची कथा चतुर लहानग्याची आणि समंजस थोराची वाटेल. तिच्यात एक पान गाळलेले आहे. दुसऱ्या कलमाचे पहिले वाक्य आठवावे : अंतर्गत कारभारात हस्तक्षेप नाही. १९८५ चा नागरिकत्व कायदा आणि १९८८ ची जनगणना यांनंतर दक्षिण भूतानमधील नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजातील असंख्य कुटुंबे परकी ठरवली गेली. भूतानी पोशाख आणि भाषा यांची सक्ती झाली, निदर्शने झाली, ती दडपली गेली. १९९० नंतर लाखाहून अधिक माणसे पूर्व नेपाळमधील झापा आणि मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत जाऊन राहिली. भूतान आणि नेपाळ यांची सरहद्द कोठेही एकमेकींना भिडत नाही. ही माणसे भारताच्या भूमीवरूनच तेथे गेली. तरीही हा भूतान आणि नेपाळ यांच्यातील द्विपक्षीय प्रश्न आहे, अशी भारताची भूमिका राहिली. २००७ नंतर त्यांतील बहुतेकांचे पुनर्वसन अमेरिका आणि इतर देशांत झाले.

येथे आमच्या वाचनाला अडखळावे लागते. हस्तक्षेप न करण्याचे वचन हे लहान राष्ट्राचे कवच म्हणून आपण वाचत होतो. तेच वचन एका समाजाच्या विस्थापनासमोर मोठ्या सत्तेच्या मौनाचे निमित्त झाले. तहातील ‘भूतान’ या शब्दाचा अर्थ भूतानचे सरकार एवढाच होता. ज्यांना त्या नावातून वगळले गेले, त्यांच्यासाठी मसुद्यात सर्वनामही नव्हते. दोन राष्ट्रांची मैत्री कितीही निर्मळ असली, तरी ती कोणाच्या पाठीवरून चालत गेली, हे विचारल्यावाचून तिचा इतिहास लिहिता येणार नाही.

८ फेब्रुवारी २००७ रोजी नवी दिल्लीत तह नव्याने लिहिला गेला. सल्ला आणि त्याने चालणे, दोन्ही गेले. नव्या दुसऱ्या कलमात दोन्ही सरकारे राष्ट्रीय हितसंबंधांच्या बाबतीत निकट सहकार्य करतील आणि कोणीही आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेला व हिताला बाधक कृत्यांसाठी वापरू देणार नाही, असे म्हटले आहे. व्याकरणाने समता आली. डिसेंबर २००३ मध्ये भूतानी सैन्याने आसाम आणि उत्तर बंगालमधील सशस्त्र संघटनांचे तळ उद्ध्वस्त केले होते, ही या नव्या वाक्याची पार्श्वभूमी. भूतानने आधी कृती केली, मग ती शब्दांत आली.

परंतु व्याकरणातील समता आणि व्यवहारातील समता यांत अंतर असते. जुलै २०१३ मध्ये भूतानच्या निवडणुकीच्या निर्णायक फेरीच्या तोंडावर भारताने स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यांवरील अनुदान थांबवले. आधीच्या वर्षी भूतानचे पंतप्रधान चिनी पंतप्रधानांना रिओ येथे भेटले होते. त्याचाच हा परिणाम, असे अनेकांनी मानले. अनुदान पुढे पूर्ववत झाले, पण तोवर सरकार बदलले होते. विजेचेही तसेच. ३३६ मेगावॅटचा चुखा प्रकल्प ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज या तत्त्वावर उभा राहिला. २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या ७२० मेगावॅटच्या मांगदेछूपर्यंत ते प्रमाण ३० आणि ७० वर आले. वीज भारतच विकत घेतो आणि कर्जही भारताचेच. सल्ल्याचे क्रियापद तहातून गेले, तरी हिशेबाच्या वहीत ते वेगळ्या रूपाने टिकून राहते.

तरीही २९ जून २०१७ चे भूतानचे निवेदन वाचण्याजोगे आहे. डोकलाम पठारावर भारत आणि चीन यांचे सैनिक समोरासमोर उभे होते, आणि ते आणखी दोन महिने तसेच राहणार होते. भूतानने काढलेले पत्रक अगदी छोटे आहे. चीनने १६ जून रोजी भूतानच्या भूमीवर रस्ता बांधायला घेतला. हे १९८८ आणि १९९८ च्या लेखी करारांचे उल्लंघन आहे. १६ जूनपूर्वीची स्थिती कायम राहावी, अशी आशा आहे. एवढेच. दोन करार भूतान आणि चीन यांच्यातले, जमीन भूतानची, आणि संपूर्ण पत्रकात भारताचे नाव नाही. मोठ्या मित्राचे सैन्य आपल्या बाजूने उभे असताना त्याचा उल्लेखही न करता स्वतःच्या कराराचा दाखला देणारे हे गद्य, १९४९ च्या त्या कर्मणी क्रियापदाला दिलेले बहुधा सर्वांत शांत उत्तर आहे.