काळ्या पाण्याचे मासे

काळे पाणी म्हटले की आपल्या मनात अंदमान उभे राहते. पण वाचकहो, आज ज्या काळ्या पाण्याविषयी बोलायचे आहे ते शिक्षेचे नव्हे. दक्षिण अमेरिकेत रिओ नेग्रो, म्हणजेच काळी नदी, वाहते. रानातला पालापाचोळा कुजून तिच्या पाण्याला कोऱ्या चहाचा रंग चढतो. क्षार त्यात जवळजवळ नाहीतच. पाणी मृदू आणि चांगलेच आम्लधर्मी. असल्या पाण्यात इंच-दीड इंचाचे टेट्रा मासे थव्याने फिरतात.

ओग्युस्त राबो ह्या फ्रेंच गृहस्थाला 1934 साली पेरूच्या जंगलात निऑन टेट्रा सापडला. 1936 साली जॉर्ज मायर्स ह्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि फिलाडेल्फियाचे मत्स्यप्रेमी विल्यम इनेस ह्यांचे नाव त्याला दिले. ह्याच्या अंगावरची निळी पट्टी रंगाची नव्हे, बरं का! कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून उजेड परततो, म्हणून ती निळी दिसते. रात्री दिवा लावून पाहाल, तर तीच पट्टी फिकी पडलेली असते. पुढे 1956 साली ह्याचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा प्रसिद्धीस आला. दोन निबंधांत त्याला दोन नावे मिळाली, आणि त्या निबंधांत अंतर किती? अवघ्या एका दिवसाचे! तो तंटा आंतरराष्ट्रीय आयोगापुढे जाऊन 1957 साली मिटला.

आता चेंबूरपलीकडच्या माहुलला येऊ. कोळी-आगऱ्यांचे हे गाव खाडीकाठचे. निवटी, बोई, चिंबोरी ही तिथली जुनी ओळख. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि काचेआडचा मासा मुंबईकरांच्या कौतुकाचा झाला. त्याच दशकात, 1954 आणि 1955 साली, माहुलच्या शेजारी तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले.

माहुलच्या घरात टेट्रा पाळता येईल का? खाडीच्या खाऱ्या पाण्यात तो तग धरणार नाही. नळाचे पाणी मात्र त्याला मानवते. 1892 साली तानसाचे पाणी मुंबईला मिळू लागले. आज त्यात वैतरणा, भातसा ह्यांचीही भर आहे. हे सारे पावसाचे पाणी, म्हणून मुळात मृदू. त्यातला क्लोरीन तेवढा आधी घालवायचा. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले की तो बराचसा उडून जातो. मग टाकीत देशी बदामाची वाळलेली पाने टाका. हे झाड मुंबईत गल्लोगल्ली आहे. दोन-चार दिवसांत पाण्याला चहाचा रंग येतो. पण मासे लगेच सोडू नका! टाकी काही आठवडे रिकामीच चालवा. माशांच्या घाणीतले विष पचवणारे सूक्ष्म जंतू तोवर गाळणीत वाढतात. नंतर आठ-दहा मासे एकत्र आणा. हा थव्याचा जीव, एकटा पडला की भेदरतो.

थोडक्यात काय, आधी पाणी तपासायचे, मग जीव सोडायचा. मासे पाळण्याचा हा पहिला नियम.

माणसांच्या बाबतीत माहुलला नेमके उलटे झाले. तानसाच्या जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी तिच्या कडेची घरे पाडली गेली आणि 2017 पासून हजारो माणसे माहुलच्या इमारतींत धाडली गेली. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 सालीच नोंदवले होते. म्हणजे टाकी दूषित आहे हे आधी कळले, आणि माणसे नंतर आली. लोकांनी आंदोलने केली, न्यायालयात दाद मागितली. अखेर 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने नव्या कुटुंबांना तिथे जाण्याची सक्ती करू नये, भाड्यासाठी पैसे द्यावेत, असे सांगितले.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कुणाच्या घरी चहाच्या रंगाच्या पाण्यात ती निळी रेघ चमकताना दिसली, तर कौतुक अवश्य करा. परक्या मुलखातल्या चिमुकल्या जिवासाठी एक मुंबईकर पाणी निववतो, पाने वेचतो, आठवडेच्या आठवडे वाट पाहतो. एवढी कळकळ आपल्यात आहे. ती काचेपुरतीच राहू नये, इतकेच.