विल्यम जोन्स नेमके किती? ‘पाय’वाले वडील, ‘शाकुंतल’वाले चिरंजीव आणि इतर

‘विल्यम जोन्स’ असं शोधलं की एका पानावर गणितातला ‘पाय’ दिसतो, दुसऱ्यावर मनुस्मृती आणि तिसऱ्यावर चक्क फुलपाखरं. हा एकच हरहुन्नरी माणूस नव्हे. ही वेगवेगळी माणसं आहेत आणि त्यातले दोघे तर बापलेक.

मुळात हे नाव इतकं आढळतं ते वेल्समुळे. जोन्स म्हणजे ‘जॉनचा मुलगा’. वेल्समध्ये पूर्वी कायमचं आडनाव नसे. आपण मधलं नाव लावतो तसं बापाचं नाव मुलाच्या नावापुढे लागायचं. पुढे हीच नावं आडनावं होऊन बसली.

वडील : गणितज्ञ (१६७५–१७४९)

वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या साध्या घरातले हे जोन्स पुढे न्यूटन आणि हॅली यांच्या वर्तुळात पोचले. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे ग्रीक अक्षर त्यांनी १७०६ साली आपल्या पुस्तकात वापरलं. गुणोत्तर त्यांनी शोधलेलं नाही, ते प्राचीन काळापासून माहीत होतं. खूण त्यांची, आणि ती जगभर रुळवली ऑयलरने.

मुलगा : सर विल्यम जोन्स (१७४६–१७९४)

वडील वारले तेव्हा हे तीन वर्षांचेही नव्हते. १७८३ मध्ये ‘सर’ हा किताब आणि कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयातलं न्यायाधीशपद मिळालं. पुढच्याच वर्षी, जानेवारी १७८४ मध्ये, त्यांनी तिथे एशियाटिक सोसायटी स्थापन केली.

हिंदूंच्या खटल्यांत न्यायालयाला पंडितांच्या सल्ल्यावर अवलंबून राहावं लागे. जोन्स यांना मूळ ग्रंथ स्वतः वाचायचे होते, म्हणून ते संस्कृत शिकले. त्यातून मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर झालं. ते १७९४ साली प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी, वयाच्या ४७व्या वर्षी, जोन्स वारले. कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत त्यांची कबर आहे.

त्याआधी १७८९ मध्ये त्यांनी ‘शाकुंतल’ इंग्रजीत आणलं होतं. त्यावरून जर्मन भाषांतर झालं आणि ते वाचून गटे भारावून गेला. जयदेवाचं ‘गीतगोविंद’ही त्यांनी भाषांतरित केलं. त्यामुळे कुणी ‘गीता जोन्सनी भाषांतरित केली’ म्हटलं तर जरा थांबा. भगवद्गीतेचं पहिलं इंग्रजी भाषांतर चार्ल्स विल्किन्स यांचं, १७८५ सालचं.

दुसरी गफलत जास्त महागात पडते. ‘संस्कृत ही युरोपीय भाषांची जननी, असं खुद्द जोन्स म्हणाले’ हे वाक्य अभिमानाने पुढे पाठवलं जातं. २ फेब्रुवारी १७८६च्या भाषणात त्यांनी संस्कृतची तोंडभरून स्तुती केली, हे खरंच. मात्र मुद्दा वेगळा होता : संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्या एखाद्या समान, कदाचित आता लुप्त झालेल्या भाषेतून आल्या असाव्यात. म्हणजे नातं बहिणींचं. आईचं नव्हे.

आणखी काही विल्यम जोन्स

लंडनजवळच्या चेल्सीचे जोन्स सर विल्यमचे समकालीन. त्यांनी फुलपाखरांची शेकडो जलरंगचित्रं काढली. ती पाहून फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने कित्येक नव्या प्रजातींना नावं दिली. आफ्रिकेत १८७९ च्या झुलू युद्धात रोर्क्स ड्रिफ्टला लढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे एक सैनिक जोन्स होते. तिथल्या रुग्णालयात त्यांच्या जोडीला लढणाऱ्या रॉबर्ट जोन्सनाही तोच सन्मान मिळाला. दोघांचं नातं काही नाही!

सर्वांत फसवणारे मात्र अमेरिकेतले. फॉक्स या आदिवासी जमातीचे हे विल्यम जोन्स (१८७१–१९०९) मानववंशशास्त्रज्ञ होते आणि भाषांचेही अभ्यासक. त्यांनी मूलनिवासींच्या अल्गोंक्वियन भाषांतल्या कथा नोंदवल्या. फिलिपिन्समध्ये संशोधन करताना त्यांची हत्या झाली. तेव्हा ‘भाषातज्ज्ञ जोन्स’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर आधी साल बघा आणि नावाआधी ‘सर’ आहे का तेही.