निष्कास यंत्रणा, जेट इंजिनाची

टरबाइन फिरवून झाल्यावर तप्त वायूंना योग्य वेगाने आणि दिशेने मागे सोडणारा विमान-इंजिनाचा शेवटचा भाग. धूर बाहेर टाकण्यापुरतेच याचे काम समजणे चूक आहे. तप्त झोतातून मिळणारा रेटा इथेच आकार घेतो.

टरबाइनमागे निमुळता शंकू असतो. त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या वायूंचे गरगरणे मोडून प्रवाह सरळ करतात. पुढे नोझलमध्ये मार्ग अरुंद होतो, दाब उतरतो, वेग वाढतो. नुसत्या निमुळत्या तोंडाशी मात्र हा वेग ध्वनिवेगापाशी अडतो; त्यापलीकडे जाण्यासाठी मार्ग आधी आवळून मग रुंदवावा लागतो.

नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेली सुखोई-३० एमकेआय विमाने या यंत्रणेचे उत्तम उदाहरण. त्यांच्या एएल-३१एफपी इंजिनांत आफ्टरबर्नर आहे. टरबाइनमागे उरलेल्या ऑक्सिजनवर पुन्हा इंधन जाळले, की प्रत्येक इंजिनाचा रेटा सुमारे १२,५०० किलोग्रॅम-बलापर्यंत चढतो. इंधनही तितकेच बेसुमार जळते! फुगलेल्या वायूंना वाट देण्यासाठी नोझलच्या पाकळ्या तत्काळ उघडतात. नाहीतर टरबाइनमागे दाब तुंबून कॉम्प्रेसरमधला प्रवाह बिघडतो. हेच नोझल सुमारे १५ अंश वळते, त्यामुळे हवेचा वेग कमी असतानाही विमान झटकन नाक फिरवते.

प्रवासी विमानांत बहुतेक रेटा पुढच्या पंख्याने ढकललेल्या थंड हवेतून मिळतो. उतरल्यावर तीच हवा पुढे वळवून वेग आवरतात. बोइंग ७८७च्या इंजिनावरणाची मागची कड दातेरी असते, ती आवाज कमी करण्यासाठी.