बायांचा संसार

11 मार्च 1893. तुम्ही पुण्यात आहात, एका लग्नघरी. विजेचा दिवा अजून या शहरात यायचा आहे. पाणी कात्रजहून हौदांत येतं, रस्त्यावर टांगे आणि बैलगाड्या आहेत. इथे जेवायला थांबणार असाल तर आधी विचार करा. या पंगतीला बसणं म्हणजे उद्या बहिष्काराची तयारी ठेवणं.

नवरदेवाला पुढच्या महिन्यात 35 वर्षं पूर्ण होतील. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवतात. पहिली पत्नी राधाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि मुलगा रघुनाथ 11 वर्षांचा आहे. अशा बिजवराला त्या काळी दहा-बारा वर्षांची कुमारिका सहज मिळाली असती. यांनी मात्र लग्न करीन तर विधवेशीच, असं ठरवलं होतं. बोहल्यावर उभी असलेली गोदूबाई ही त्यांच्या मित्राची, नरहरपंत जोशींची बहीण. आठ-नऊ वर्षांची असताना तिचं लग्न झालं आणि तीनच महिन्यांत नवरा वारला. एवढ्याशा संसाराच्या बदल्यात पुढची जवळजवळ वीस वर्षं तिने वैधव्य भोगलं. आज तिच्या कपाळावर कुंकू आहे. ते नीट बघून घ्या, कारण हे लग्न बघू न शकणाऱ्यांचा सगळा राग त्या कुंकवावर आहे. 1856 सालापासून कायदा विधवाविवाहाच्या बाजूने आहे. गाव नाही.

आता चार वर्षं मागे सरका. मुंबईत पंडिता रमाबाईंचं शारदा सदन सुरू होतंय आणि तारीख नेमकी हीच, 11 मार्च. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाईच. केशवपन झालेली, विशीतली बाई शाळकरी मुलीसारखी पाटी घेऊन बसली आहे. तिच्याजवळ जरा थांबा. पुढे हिचं नाव आनंदीबाई होणार, मग सगळ्यांच्या तोंडी 'बाया'. महर्षी कर्व्यांची पत्नी ही ओळख तिला नंतर मिळाली. घर सोडून अक्षर गिरवायला बसण्याचं धाडस मात्र तिचं स्वतःचं आहे, आणि ते लग्नाच्या आधीचं आहे.

आता मुरुडला चला, दापोलीजवळच्या. समुद्र आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, दुर्गादेवीचं देऊळ आहे. कर्व्यांनी याच गावासाठी 'मुरुड फंड' उभा केला होता. नवं जोडपं आपल्या माणसांना भेटायला आलं, तेव्हा गावाने ठराव केला: कर्वे ज्या बैठकीत असतील तिथे कुणी बसायचं नाही, आणि भावाने त्यांना घरात घेतलं तर भावाचं घरही वाळीत. पोटचा मुलगा दाराशी आलेला आणि आईला त्याच्या शेजारी पान मांडून बसता येत नाही. ओटीवरच्या त्या माउलीकडे बघून तुम्हाला गावाचा संताप येईल. मलाही येतो. पण नव्या सुनेच्या मनात त्या घडीला काय चाललं असेल, हा विचार मला जास्त छळतो. सासरी पाऊल टाकलं आणि आपल्या पायगुणाने सगळं घर वाळीत पडणार, हे तिला दिसत होतं.

पुण्यात परत या. 1896. अण्णांनी, म्हणजे कर्व्यांनी, अनाथबालिकाश्रम काढलाय, विधवांना आसरा आणि शिक्षण देण्यासाठी. साठवलेले पैसे त्यात गेले. मग आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी उभे राहा. आत लहान मुलं आहेत, चूल आहे, आणि एक बाई विचारते आहे की तुम्हाला काही झालं तर आम्ही कुणाकडे बघायचं? हा प्रश्न क्षुद्र नव्हता. नवऱ्यामागे बाईचं काय होतं ते तिने वीस वर्षं अंगावर काढलं होतं. विम्याचा तो कागद तिच्यासाठी नुसता पैसा नव्हता. पुन्हा कुणाच्या दारात आश्रित म्हणून उभं राहावं लागू नये, याची तेवढी एकच हमी होती. अण्णांनी ती जगातल्या सगळ्या विधवांच्या वतीने देऊन टाकली. घरातली एक सोडून.

बाया भांडल्या आणि रडल्याही. पण सोडून गेल्या नाहीत. आपल्याकडे अशा जोडप्यांबद्दल लिहिताना 'सावलीसारखी साथ' असं लिहून मोकळं व्हायची सवय आहे. मला ती मान्य नाही. सावली प्रश्न विचारत नाही. बाया उभा जन्म विचारत राहिल्या.

1900. पुण्यात प्लेगने थैमान घातलंय आणि आश्रम गावाबाहेर, हिंगण्याला गेलाय. रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या माळावर एक झोपडी उभी आहे. पावसाळ्याची संध्याकाळ आहे. फर्ग्युसनचे तास आटोपून 42 वर्षांचा एक किरकोळ बांध्याचा माणूस सामान घेऊन पायी निघालाय. त्याच्या मागून चला. आज इथे कर्वे रस्ता आहे, वर मेट्रो धावते, नळ स्टॉपच्या सिग्नलला तुमची गाडी अडकते. त्या दिवशी एरंडवण्याच्या पुढे शेतं आणि चिखल आहे, अंधारात साप-विंचवाचं भय आहे. आश्रमातल्या बायकांसाठी लागणाऱ्या जिनसा तो स्वतःच्या हातांनी नेतो, रात्री तिथेच झोपतो आणि सकाळी तीच वाट तुडवत पुन्हा गणित शिकवायला येतो. अनेक वर्षं हा क्रम चालला. पाय भरून आले असतील तर बसा थोडं. तो बसणार नाही. पोरवयात सहावीच्या परीक्षेसाठी हाच गडी मुरुडहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला पायी गेला होता. वय लहान दिसतं म्हणून तिथून त्याला परत पाठवलं होतं.

ही वाट सगळ्यांना माहीत आहे. माझं एक मागणं आहे, झोपडीपाशी पोचलात की मागे वळून पुण्याकडे बघा. बाया तिथे आहेत. मुलांची दुखणी, घरभाडं, वाण्याची उधारी सगळं त्यांच्याकडे. त्या हिंगण्याला का नाहीत? कारण त्यांनी पुनर्विवाह केलाय. त्यांना आश्रमात वावरताना पाहिलं, तर इथे मुलींची लग्नं लावून देतात असं पालकांना वाटेल, ते आपल्या विधवा लेकी पाठवणार नाहीत आणि देणगीदारही हात आखडतील. म्हणून अण्णांनी पुनर्विवाहाचं काम आश्रमापासून वेगळं ठेवलं आणि बायांनाही लांब ठेवलं. हिशेब व्यवहाराला धरून होता. त्यामुळे आश्रम तगला, हेही खरं. पण काय झालं बघा: बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात आली, शिकली, त्याचा खांब बनली, त्याच्यासाठी मदत गोळा करायला अमेरिकेपर्यंत गेली. आणि शारदा सदनाची पहिली विद्यार्थिनी मात्र नवऱ्याच्याच संस्थेच्या कुंपणाबाहेर.

अण्णांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येतो असं मला वाटत नाही. पण ती थोरवी कुणाच्या खांद्यावर उभी होती हे सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही.

बाया हातावर हात धरून बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन त्या सुईणीचं काम शिकल्या. घर त्यांच्या या कमाईवरही चाललं. कुणाच्या घरून अपरात्री बोलावणं आलंय, कंदील घेऊन कुणी दारात उभं आहे, बाया पदर खोचून निघाल्या आहेत. त्यांच्याबरोबर जा. ज्या समाजाने मुरुडला त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याच समाजाची पोरं आता त्यांच्या हातात पहिला श्वास घेतात.

मधली वर्षं भरभर ओलांडा. 1907 साली महिला विद्यालय, 1908 साली निष्काम कर्म मठ, 1914 साली फर्ग्युसनमधून निवृत्ती, 1916 साली महिला विद्यापीठ. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसींनी विद्यापीठाला 15 लाखांची देणगी दिली. मुलंही मोठी झाली. रघुनाथने संततिनियमनासाठी लोकांचे शिव्याशाप झेलले, शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेला, दिनकर फर्ग्युसनमध्ये शिकवू लागला, भास्करने हिंगण्याचं काम उचललं. सत्तरी ओलांडल्यावर, 1929 साली, अण्णा विद्यापीठासाठी विलायत, अमेरिका, जपान असे फिरत होते. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाईंनी सासऱ्यांबद्दल लिहिताना त्यांचं मोठेपण मोकळ्या मनाने सांगितलं, आणि ते घरच्यांना किती जड गेलं हेही झाकलं नाही.

आता हिंगण्याच्या घरात म्हाताऱ्या बाया दिसतील. इथे त्या आता बाहेरच्या नाहीत, आल्यागेल्याच्या बायाच आहेत. 1944 साली त्यांचं 'माझे पुराण' पुस्तक होऊन आलं. संपादन केलं सून कावेरीबाईंनी. मायलेकी बोलत बसाव्यात तसं ते वाचा. त्यात नवऱ्याची आरती नाही. पैशाची ओढाताण आहे, अपमान आहेत, नवऱ्यावरचा राग आहे, आणि त्या रागाच्या खाली इतकी घट्ट माया आहे की तिला वेगळं नाव द्यायची त्यांना गरज वाटली नाही. नवरा हयात असताना त्याच्याविषयी इतकं सरळ लिहिणारी बाई आणि ते छापू देणारं घर, दोन्ही मला फार मोठी वाटतात.

1950 साली बाया गेल्या. 57 वर्षांचा संसार झाला. अण्णा त्यानंतर आणखी बारा वर्षं जगले. 1958 साली त्यांनी शंभरी गाठली, भारतरत्न मिळालं, त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते गेले तेव्हा 104 वर्षांचे होते. हिंगण्याचं आता कर्वेनगर झालंय. तिथली संस्था बायांच्या नावाने पुरस्कार देते आणि तो देताना त्यांचं नाव मोठ्याने घेतलं जातं, हे मला फार बरं वाटतं.

तुम्ही तुमच्या काळात परत जाल तेव्हा एक करा. अण्णांचं 'आत्मवृत्त' 1915 सालचं, बायांचं 'माझे पुराण' 1944 सालचं. दोन्ही मिळवा आणि शेजारी ठेवून वाचा. 'आत्मवृत्ता'त आश्रमाला रक्कम मिळाल्याचा मजकूर आला की तिथे बोट ठेवा, आणि त्या सुमाराला घरात काय शिजत होतं, कोण आजारी होतं, कुणाची उधारी थकली होती ते 'माझे पुराणा'त शोधा.