हजेरीपटावरची नावं



स्नेहमेळाव्याच्या कामांची वाटणी झाली तेव्हा "तू कॉम्प्युटरवाली, यादी तू कर" असं म्हणत संपर्कयादीचं काम माझ्या गळ्यात पडलं. शाळेच्या कार्यालयातून १९९५ च्या दहावी 'ब'च्या हजेरीपटाचा फोटो मिळाला. ३४ मुलगे, २८ मुली. रोज लाखो नोंदींच्या डेटाबेसशी झटापट करणाऱ्या मला ६२ नावांचं काय एवढं, असं वाटलं. मुलगे दहा दिवसांत सापडले. मुलींना चार महिने लागले, आणि दोघी अजूनही सापडलेल्या नाहीत.

आडनावं बदललेली असणार हे धरूनच चालले होते. पण निम्म्याहून जास्त जणींचं पहिलं नावही बदललं होतं. त्यामुळे तो हजेरीपट मला पुन्हा पुन्हा वाचावा लागला आणि त्या नादात मी आपल्या नावांच्या इतिहासात शिरले.

आधी वडिलांची नावं बघा. दगडू, धोंडीराम, कचरू, भिकू. मधल्या सुट्टीत एकमेकांना चिडवायला हीच नावं आपल्याला पुरायची. ज्या घरात मुलं जन्मायची आणि जगायची नाहीत, तिथे पुढच्या मुलाला असं नाव देत. दगड, धोंडा, कचरा म्हटलं की कुणाची दृष्ट लागणार नाही आणि मृत्यूही त्याला उचलायला येणार नाही, ही त्यामागची आशा. देवीची साथ एका फेऱ्यात घरातली मुलं नेत असे, त्या काळातली ही गोष्ट आहे. ही नावं गरिबाघरचीच होती असंही नाही. १८५७ च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत, आणि महर्षी कर्व्यांचं धोंडो. आपण ज्या 'दगडू'ला हसलो, तो कुणाचा तरी जीव मुठीत धरून जपलेला मुलगा होता.

दुसरा गट हैबत, दौलत, हिंमत अशा नावांचा. ही अस्सल मराठी वाटणारी नावं फारसीतून आपल्याकडे आली. हैबत म्हणजे दरारा. शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नावच घ्या. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला केलेला नवस फळला, म्हणून मालोजीराजांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगतात. आपल्या वर्गात दोन शहाजी होते. दोघांनाही हे माहीत नसावं.

आता मुलींकडे येते. आपल्या आज्यांच्या पिढीत गोदावरी, कृष्णा, यमुना, तापी अशी नद्यांची नावं घरोघर होती. आपल्या पिढीत संगीता, सुनीता, मनीषा, कविता आल्या. माझं नाव वैशाली. ते लिच्छवींच्या प्राचीन राजधानीचं नाव. माझ्या आत्याला लिच्छवी माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिला ते नाव शहरातलं वाटलं, म्हणून तिने बारशाला ते माझ्या कानात सांगितलं.

२००३ साली लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरं नाव लिहिलं गेलं आणि मी वरदा झाले. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी विचारलंही नाही. साखर वाटली, सगळे हसले, मीही हसले. पुढे पदवी वैशालीची, बँकेचं खातं वरदाचं आणि पगार वैशालीच्या नावाने, असा घोळ झाला. प्रतिज्ञापत्रं करत दोन वर्षं हिंडले. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं कोणताही कायदा सांगत नाही, हे मला तेव्हा समजलं.

ही रीत कुणाकुणाला लागू झाली ते वाचताना मी थक्क झाले. फिलाडेल्फियात शिकून १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी मूळच्या यमुना. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालेल्या रमाबाई, त्याही देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. झाशीच्या राणीही लग्नाआधी मनकर्णिकाच. कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह करून समाजाचा रोष ओढवून घेतला, पण गोदूबाईंच्या आनंदीबाई त्या लग्नातही झाल्या. एवढ्या मोठ्या बंडातही ही रीत कुणाच्या डोळ्यांवर आली नाही.

हजेरीपटात आणखी एक गोष्ट दिसते. तिथे ६२ वडील आहेत, आई एकही नाही. याच महाराष्ट्रात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजे आईच्या नावाने ओळखले जात. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आजही आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावण्याचा निर्णय आपल्या राज्याने घेतला, तेव्हा मला त्या गौतमीची आठवण झाली.

आता ज्या नावासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. आपल्या सातारा जिल्ह्यात ते नवीन नाही. नकुशा. नको असलेली. आपल्या वेळी शाळेत तीन नकुशा होत्या आणि त्यातली एक आपल्या वर्गात. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, असा समज. वरवर पाहता दगडू आणि नकुशा एकाच जातीची नावं वाटतात, दोन्ही ओंगळ. पण दगडूचं नाव तो जगावा म्हणून ठेवलेलं असायचं. नकुशाच्या नावात तिच्यासाठी काहीच मागितलेलं नव्हतं. जे मागणं होतं ते तिच्यानंतर येणाऱ्यासाठी.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एक समारंभ झाला. जिल्ह्यातल्या अशा २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावं मिळाली. त्याच वर्षीच्या जनगणनेच्या पहिल्या आकड्यांत देशात सहा वर्षांखालच्या १००० मुलग्यांमागे ९१४ मुली होत्या. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. बातमीत आणखी एक निवडलेलं नाव होतं, वैशाली. माझं तांदळात पुसलं गेलेलं नाव कुणीतरी हौसेने मागून घेतलं होतं. ती बातमी मी ऑफिसात बसून दोनदा वाचली.

आपल्या नकुशाला शोधायला मला सर्वात जास्त वेळ लागला, कारण मी तेच नाव घेऊन शोधत होते. शेवटी तिच्या धाकट्या भावाचा नंबर मिळाला. ज्याच्यासाठी तिचं नाव पडलं, तोच हा भाऊ. फोनवर मी "नकू ना गं?" म्हटलं आणि पलीकडे शांतता पसरली. मग ती म्हणाली, "त्या नावानं मला आता कोण हाक मारत नाही." लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "तुला कुठलं नाव आवडतं?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला हे विचारलं होतं. तांदळात लिहिलं गेलं ते तिने स्वतः सांगितलेलं नाव. ज्या रीतीबद्दल मी वीस वर्षं कुरकुर करते आहे, त्याच रीतीने तिची सुटका केली होती.

हजेरीत तिचं नाव आलं की मागच्या बाकांवरून हसू यायचं. हसणाऱ्यांत मीही होते. फोनवर मी तिची माफी मागितली. "जाऊ दे गं, लहान होतो आपण," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "गोष्ट लिही पाहिजे तर. यादीत मात्र ते नाव नको." तिची परवानगी घेऊनच हे लिहिलं आहे.

म्हणून समितीने ठरवलं, की या स्मरणिकेतली यादी हजेरीपटावरून छापायची नाही. प्रत्येकीला विचारायचं आणि ती सांगेल तेच नाव छापायचं. सापडलेल्या २६ जणींपैकी ११ जणींनी दोन्ही नावं दिली, नऊ जणींनी फक्त शाळेतलं, सहा जणींनी फक्त नंतरचं. मी दोन्ही दिली आहेत, वैशाली आधी. त्यामुळे मेळाव्यात कुणाला हाक मारण्याआधी यादी एकदा बघून घ्या. आणि न सापडलेल्या दोघींचा ठावठिकाणा कुणाला माहीत असेल तर मला जरूर कळवा.

फोन ठेवण्यापूर्वी ती आणखी एक बोलली. "गणिताच्या बाईंचा तास मला लई आवडायचा. त्या हजेरी नंबरावर घ्यायच्या. माझं नाव यायचंच नाही." हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. वेळ वाचावा म्हणून बाई नंबर घेतात, असंच आपण सगळे समजत होतो. बाई मेळाव्याला येणार आहेत. कारण काय होतं ते मी त्यांना विचारणार आहे, आणि त्या वेळी तीही माझ्या शेजारी उभी असेल.