बापूकुटी, बांबू आणि आमची 'कच्ची' घरं

मागच्या आठवड्यात ग्रामसभेची पोरंपोरी घेऊन सेवाग्राम-पवनारला जाऊन आलो. एका दिवसाची सहल. पहाटे चारला गडचिरोलीतून निघालो. वैनगंगा ओलांडली, मग मूल, चंद्रपूर, वरोरा, हिंगणघाट. गडचिरोलीत दारूबंदी, वर्ध्यात दारूबंदी, मधल्या चंद्रपुरात 2015 ला झाली आणि 2021 ला उठली. त्यामुळे ड्रायव्हरसाहेबांवर परतीच्या वाटेत जरा लक्ष ठेवावं लागलं, ते असो.

लिहायचंय ते वेगळंच.

सेवाग्रामला गाईड ताईंनी आधी आदि निवास दाखवला. 1930 च्या मार्चमध्ये दांडीला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचं नाही असं ठरवलं. पुढे जमनालाल बजाजांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले आणि 30 एप्रिल 1936 ला शेगाव नावाच्या या खेड्यात. (बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून 1940 मध्ये नाव सेवाग्राम झालं.) आदि निवास म्हणजे एक मोठी खोली. त्यातच बापू, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे, सगळे. सरहद्द गांधीही इथे राहून गेले. एवढ्या लोकांत माणसाला एकांत कसा मिळत असेल, कोण जाणे.

मग बापूकुटी. ही मुळात मीराबेनची झोपडी, नंतर गांधीजी तिथे राहायला आले. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. भिंतीवर मीराबेनने मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा. साप न मारता पकडून बाहेर सोडण्यासाठीचा चिमटा आणि पेटी. पोरं या चिमट्याशीच जास्त रमली, कारण साप हा आमच्याकडे रोजचा विषय.

तेवढ्यात आमच्यातली बारावीची एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, हे तं आमच्याच घरावानी हाये. मंग आमचं कच्चं कसं?"

मला पटकन काही बोलता आलं नाही. घरकुलाच्या सर्व्हेत तिच्या घरापुढे 'कच्चे' असा शेरा आहे. भिंत कुडाची, लिंपण आईच्या हातचं. घरकुल मंजूर झालं की ती भिंत पाडून सिमेंटची खोली होईल. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात मी राहत नाही, त्यामुळे 'मातीचंच घर ठेवा' असं तिला सांगायचा मला हक्क नाही. पण ज्या मातीच्या घरातून देश हलला ते बघायला लोक लांबून येतात, आणि तशाच घरातल्या पोरीला फॉर्म भरताना लाज वाटते, हे त्या अंगणात उभं राहून फार टोचलं.

टोचायला अजून एक कारण होतं, बांबू. शेगावातली घरं बांधताना गांधीजींचा आग्रह होता की साहित्य आसपासचं आणि कारागीरही जवळचे. आमच्या जिल्ह्यात बांबूचं जंगल दारात आहे. पण 1927 च्या भारतीय वन कायद्याने बांबूला 'झाड' ठरवलं आणि मालकी सरकारची झाली. कागद कारखान्यासाठी ट्रक भरून बांबू जायचा आणि गावकऱ्याला घरासाठी, टोपलीसाठी चार काड्या आणायच्या तर धाकधूक. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं, 2009 मध्ये मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा पास हवा, आणि त्या पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल 2011 उजाडला. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. बसमध्ये हे सांगितलं तेव्हा निम्म्या पोरांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या गावच्या ग्रामसभा आज बांबू आणि तेंदू विकतात, पण हे आधीपासूनच असं होतं असं त्यांना वाटतं!

ऑफिसच्या कुटीत फोन आहे. व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलता यावं म्हणून सरकारनेच बसवलेला. जुलै 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने 'चले जाव'चा ठराव वर्ध्यातच केला, ऑगस्टमध्ये मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं. ऑगस्ट 1946 मध्ये गांधीजी इथून दिल्लीला गेले ते परतलेच नाहीत. परचुरे शास्त्रींच्या कुटीपुढे मात्र पोरं गप्प झाली. कुष्ठरोग झालेल्या या संस्कृत पंडिताची मालिश गांधीजी स्वतः करत. सकाळीच वरोऱ्याहून येताना आनंदवनाची पाटी दिसली होती, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही.

पवनारला पोचेपर्यंत दुपार कलली. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. 17 ऑक्टोबर 1940 ला वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात विनोबांनी पवनारातूनच केली. भूदान-ग्रामदान आता पुस्तकापुरतं उरलं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण मेंढा-लेखाने 2013 मध्ये, म्हणजे विनोबा जाऊन एकतीस वर्षांनी, 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली गावची जमीन ग्रामसभेच्या नावे केली.

परतताना चंद्रपुरात जेलच्या बाजूने बस गेली. इथेच 21 ऑक्टोबर 1858 ला बाबुराव शेडमाकेंना इंग्रजांनी फाशी दिली. एका पोराने विचारलं, "सर, यायचं घर कुठी दाखवत्ते?" जेलच्या आवारातला पिंपळ तेवढा दाखवतात, म्हटलं. रात्रीची वेळ, तोही दिसला नाही.

येत्या 21 ऑक्टोबरला त्याच पोरांना घेऊन पुन्हा चंद्रपूरला जातोय. बसमध्ये सात-आठ जागा आहेत. यायचं असेल तर कमेंटमध्ये कळवा, डबा आपापला.